ब्रेक दाबला की पेडल थरथरतं: जुन्या गाडीच्या डिस्कबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरीच्या एमआयडीसीत बावीस वर्षं लेथ चालवला. त्यामुळे ओळखीत कुणाच्या गाडीची डिस्क ‘वाकली’ की निरोप माझ्याकडे येतो, ‘जरा घासून देता का?’ घासायच्या आधी मी त्यांना जे विचारतो आणि ते मला जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेली, दहा-पंधरा वर्षं वापरलेली छोटी गाडी डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. चारही चाकांना डिस्क असेल तर प्रश्न १६ जरूर वाचा.

१. ब्रेक दाबला की पेडल पायाखाली वर-खाली होतं. आत नेमकं काय होतं?

डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी. ब्रेक लावला की तिला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या दोन पॅडच्या मधून ती फिरते. ती सगळीकडे सारख्या जाडीची असेल तर पॅड जागेवर बसून राहतात. एखादा भाग किंचित जाड असेल, तर तो मधे आला की पॅड मागे रेटला जातो. पॅड पिस्टनला ढकलतो, पिस्टन ब्रेक ऑइलला आणि ऑइल तुमच्या पायाला. जाड भाग पुढे गेला की पेडल परत खाली बसतं.

हा फरक वाढत वाढत पायापर्यंत येतो. हिशेबापुरतं धरा की कॅलिपरचा (डिस्कवर बसून पॅड दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन ५१ मिमी व्यासाचा आहे आणि पेडलमागचा मास्टर सिलिंडर २०.६ मिमीचा. दोघांच्या क्षेत्रफळात सहापट फरक झाला. त्याला पेडलच्या दांडीच्या चारपटीने गुणा. डिस्कवर २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) उंचवटा असेल तर पायापाशी तो जवळजवळ अर्धा मिलिमीटर होतो. आपला केस सरासरी ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणून डिस्कवरून बोट फिरवून ‘गुळगुळीत तर आहे’ असा निकाल देऊ नका. बोटाला हे कळत नाही.

२. म्हणजे डिस्क वाकलीच ना? गॅरेजवाला तरी तेच म्हणतो.

बहुतेक वेळा नाही. बिडाची डिस्क रोजच्या वापरात पापडासारखी वाकत नाही. होतात त्या दोन वेगळ्या गोष्टी, आणि बोलताना त्यांची सरमिसळ होते.

पहिली म्हणजे ‘आऊट’. डिस्क फिरताना डावी-उजवीकडे डोलते, पण जाडी सगळीकडे सारखीच असते. दुसरी म्हणजे जाडीतला फरक. पेडल हलवते ती ही दुसरी. नुसता थोडा आऊट असेल तर कॅलिपर आपल्या पिनांवर सरकत डिस्कबरोबर डोलतो आणि पायाला फारसं काही जाणवत नाही.

पण आऊटमधूनच पुढे जाडीतला फरक तयार होतो. तुम्ही ब्रेक लावलेला नसतानाही डोलणाऱ्या डिस्कचा पुढे आलेला भाग प्रत्येक फेऱ्याला पॅडला चाटून जातो. एका किलोमीटरमध्ये चाकाचे साडेपाचशेच्या आसपास फेरे होतात. पाच-सात हजार किलोमीटर झाले की तेवढाच भाग झिजून पातळ होतो आणि थरथर सुरू होते. नवी डिस्क टाकल्यावर पहिले काही महिने सगळं छान असतं आणि मग तक्रार येते, ती यामुळेच.

याशिवाय दोन कारणं उरतात. तापलेल्या पॅडचा माल डिस्कवर एका जागी चिकटणं (प्रश्न १४) आणि गंज (प्रश्न १५).

३. पेडल, स्टीअरिंग की सीट: काय हलतं यावरून पुढची डिस्क की मागचा ड्रम ते कळतं का?

बरंच कळतं. ब्रेक लावताना स्टीअरिंगही डावी-उजवीकडे झटके घेत असेल तर संशय पुढच्या चाकांवर. स्टीअरिंग शांत आहे, पण पेडल हलतं आणि सीटमधून, कमरेपाशी थरथर येते, तर मागे बघा. नुसतं पेडल हलत असेल तर दोन्ही शक्य. मग प्रश्न ५ मधली चाचणी करा.

४. ही थरथर डिस्कची आहे की एबीएसची, कसं ओळखायचं?

मोजून. छोट्या गाडीच्या टायरचा घेर १.८ ते १.९ मीटर असतो. ताशी २० किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण तीन फेरे मारतं, ६० ला नऊ. डिस्कवर एकच उंचवटा असेल तर पेडलही तेवढेच ठोके देतं आणि गाडी हळू होत जाते तसे ठोके संथ होतात. थांबायच्या आधी तर ‘टक… टक… टक’ असे मोजता येतात. शेजारी कुणाला बसवा, स्पीडोमीटर वाचायला सांगा आणि तुम्ही ठोके मोजा.

एबीएस (ब्रेक लावल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) चालू होतं तेव्हा पेडल घरघरतं. ते ठोके फार जलद असतात, वेगाबरोबर संथ होत नाहीत, शिवाय बॉनेटमधून पंपाचा आवाज येतो. ओल्या रस्त्यावर किंवा खडीवर जोरात ब्रेक लावल्यावर असं झालं तर तो दोष नाही, त्यासाठीच तर ते बसवलंय. भारतात एबीएस सगळ्या नव्या कारना सक्तीचं झालं ते २०१९ पासून, त्यामुळे त्याआधीच्या बेसिक मॉडेलला ते बहुधा नसतंच. तुमच्या गाडीला आहे का ते आधी बघा. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा क्षणभर लागतो.

जुन्या गाड्यांत एक फसवी केस भेटते. कोरडा रस्ता, हलका ब्रेक, गाडी थांबायला आलेली, वेग १०-१५, आणि शेवटच्या दोन मीटरमध्ये पेडल घरघरतं. हा डिस्कचा दोष नव्हे. चाकाचा वेग मोजणारी दातेरी कडी गंजून तडकते किंवा सेन्सरवर लोखंडी चुरा बसतो. मग चाक अडकलंय असा एबीएसचा गैरसमज होतो. मोकळ्या मैदानात एबीएसचा फ्यूज काढून हळू वेगात बघा. थरथर गेली तर डिस्कला हात लावू नका. फ्यूज मात्र आठवणीने परत बसवा.

५. हँडब्रेकची चाचणी म्हणतात ती कशी करायची?

रिकामा, सरळ, कोरडा रस्ता हवा. वेग ३० च्या आसपास ठेवा. हँडब्रेकचं बटण अंगठ्याने दाबूनच ठेवा म्हणजे दांडी अडकणार नाही. मग हळूहळू ओढा. पायातला ब्रेक लावायचा नाही. केबलचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. गाडी झटके घेत हळू झाली तर मागचा ड्रम गोल राहिलेला नाही. गाडी लोण्यासारखी हळू झाली तर दोष पुढे आहे. पावसात किंवा वळणावर हे करू नका, मागची चाकं अडकली तर गाडी गिरकी घेते.

६. ब्रेक न लावताही ८०-९० ला स्टीअरिंग थरथरतं. हेही डिस्कचंच का?

नाही. व्हील बॅलन्सिंग, वाकलेला रिम किंवा टायरला आलेला फुगा. ते आधी निस्तरा, नाहीतर पुढच्या सगळ्या चाचण्या गढूळ होतील.

७. घरी चाक काढून मला स्वतःला काय काय बघता येईल?

गाडी सपाट जागी, गिअरमध्ये, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावलेले. जॅकवर उचलल्यावर खाली घोडी (स्टँड) लावल्याशिवाय हात आत घालायचा नाही. सोसायटीच्या उतारावर हा उद्योग नको.

चाक काढल्यावर आधी डिस्कचा पृष्ठभाग उजेडात तिरका बघा. काळपट ठसे, पॅडच्या आकाराचा डाग, निळे ठिपके, खोल रेघा, जे दिसेल त्याचा फोटो काढून ठेवा. आतली बाजूही बघा. लोक बाहेरची चकाकी बघून समाधानी होतात आणि आतून अर्धी डिस्क गंजलेली असते.

मग दोन्ही पॅडची जाडी बघा. आतला संपलेला आणि बाहेरचा भरपूर शिल्लक असेल तर कॅलिपर पिनांवर सरकत नाही. पिन बाहेर काढून बघा, वाळलेलं ग्रीस चहाच्या भांड्याला धरलेल्या सायीसारखं चिकटलेलं असतं. साफ करून ब्रेकसाठी मिळणारं सिलिकॉन ग्रीसच लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं.

त्यानंतर बेअरिंग. चाक परत लावा, नट आवळा आणि चाक हवेत असतानाच वरून-खालून धरून हलवा. खडखड आली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडून धरून हलवल्यावर खडखड आली तर टाय रॉड.

ब्रेकची धूळ फुंकू नका, कंप्रेसरची हवा तर अजिबात मारू नका. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसून फडकं टाकून द्या.

८. डिस्कची जाडी मोजायला व्हर्निअर चालेल?

नुसत्या व्हर्निअरने नाही. जुन्या डिस्कच्या कडेला न झिजलेली वरंबी राहते. व्हर्निअरचे जबडे तिच्यावर टेकतात आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दाखवतात. मायक्रोमीटर घ्या. कडेपासून १० मिमी आत, गोलाकार आठ ठिकाणी मोजा आणि आकडे खडूने तिथेच लिहा. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान आकड्यातला फरक २० मायक्रॉनच्या वर गेला तर तुमच्या पायाची तक्रार खरी आहे. काही गाड्यांत पंधरालाच जाणवतं.

डिस्क किती झिजू द्यायची, ते मधल्या टोपीसारख्या भागावर किंवा कडेला ‘मिन’ असं कोरून पुढे मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं. गंजाखाली दडलेलं असेल तर वायर ब्रश मारा. नव्या डिस्कपेक्षा तो आकडा साधारण दोन मिलिमीटरने कमी असतो, म्हणजे एका बाजूला एकच मिलिमीटर.

९. डायल लावून आऊट कसा बघायचा?

हे माझं आवडतं काम, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. डायल म्हणजे टेकवलेल्या टोकाची बारीकशी हालचालही काट्याने दाखवणारं मापक.

चाक काढलं की डिस्क हबवर (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या फिरणाऱ्या भागावर) सैल राहते. आधी तिला सगळे नट लावून आवळा, नटाखाली जाड वॉशर घाला म्हणजे नट सपाट बसतील. नट न लावता घेतलेलं माप फुकट. मॅग्नेटिक स्टँड न हलणाऱ्या भागावर चिकटवा, शॉकॲब्सॉर्बरच्या खालच्या ब्रॅकेटवर किंवा नकलवर (हब धरून ठेवणाऱ्या भागावर). कॅलिपरवर नको, तो स्वतःच सरकतो. डायलचं टोक डिस्कला काटकोनात, कडेपासून १० मिमी आत टेकवा. गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन डिस्क हाताने सावकाश फिरवा. काटा सर्वांत खाली जाईल तिथे शून्य करा, मग एक पूर्ण फेरा. सर्वांत वर जाईल तो तुमचा आऊट. त्या जागी मार्करने खूण करा.

आता डिस्क उतरवा. खूप गाड्यांच्या डिस्कवर ८ मिमीच्या बोल्टची आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यात दोन बोल्ट आळीपाळीने आवळत गेलात की गंजून चिकटलेली डिस्क आपसूक पुढे येते. ती सोय असताना लोक हातोडा का चालवतात ते मला कळत नाही. हातोड्याने बेअरिंग खराब होतं.

मग डायल उघड्या हबच्या कडेला लावा. हबच ३०-४० मायक्रॉनने आऊट असेल तर त्यावर कितीही चांगली डिस्क बसवा, ती डोलणारच. हब ठीक असेल तर दोष डिस्कमध्ये किंवा दोघांच्या मधल्या गंजात आहे.

१०. किती आऊट चालतो?

गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा खरा. तो हाताशी नसेल तर ५० मायक्रॉनच्या आत उत्तम, शंभरच्या वर नको. मधे असेल तर डिस्क एका स्टडने (नट ज्यावर आवळतात त्या दांडीने) फिरवून परत बसवा आणि पुन्हा मोजा. चार नटांच्या गाडीत चार जागा मिळतात. हबचा आऊट आणि डिस्कचा आऊट एकाच दिशेला आले तर बेरीज होते, समोरासमोर आले तर वजाबाकी. पदरचा पैसाही न घालता निम्मा आऊट गेलेला मी पाहिलाय. डिस्क छोट्या स्क्रूने हबला पक्की केलेली असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही.

११. नवी डिस्क टाकली, नवे पॅड टाकले, आणि सहा महिन्यांत पुन्हा तेच. डिस्क डुप्लिकेट होती का?

असेलही, पण आधी हब बघा. सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आहे आणि मी स्वतः यात दोनदा फसलोय.

माझी २००९ ची हॅचबॅक. पहिल्यांदा थरथर आली तेव्हा गॅरेजमध्ये डिस्क बदलून घेतल्या. सात-आठ महिन्यांनी पुन्हा आली. दुसऱ्या गॅरेजने पुन्हा बदलल्या. तिसऱ्या वेळी लाज वाटली. दिवसभर कारखान्यात शाफ्टला डायल लावणारा माणूस, आणि स्वतःच्या गाडीला लावायचं सुचलं नाही. रविवारी स्टँड घरी आणला. डावीकडे १४० मायक्रॉन. डिस्क काढली तर हबवर एका स्टडशेजारी गंजाचा पापुद्रा, नखाएवढा, नव्या डिस्कच्या दाबाने चेपून चकाकणारा. दोनदा डिस्क बदलल्या गेल्या, पण खालची जागा कुणी पुसलीसुद्धा नव्हती.

वायर ब्रश, मग एमरी पेपर, स्टडच्या मुळाशी टूथब्रशएवढा छोटा ब्रश. डिस्कच्या आतल्या बसणीवरही तेच. तीच डिस्क परत लावली, आऊट ४० मायक्रॉन. जाडीत तोवर फरक पडला होता, म्हणून ती घासून घेतली. त्यानंतर थरथर आली नाही.

गणित सोपं आहे. हबचा व्यास १३० मिमी आणि डिस्कचा २४० मिमी धरा. हबच्या कडेला ५० मायक्रॉनचा पापुद्रा अडकला तर डिस्कच्या कडेला ते जवळजवळ ९० होतात. म्हणून डिस्क बदलायला देताना ‘हब साफ करून, मला दाखवून मग बसवा’ असं सांगा आणि तिथे उभे राहा. मेकॅनिक थोडा वैतागेल. वैतागू द्या.

१२. डिस्क लेथवर घासून घ्यायची की नवीच टाकायची?

मायक्रोमीटर हातात घेऊन ठरवा. सर्वांत पातळ जागेची जाडी घ्या, त्यातून दोन्ही बाजूंना काढावा लागणारा माल वजा करा. उरलेला आकडा ‘मिन’च्या वर निदान अर्धा मिलिमीटर राहत असेल तर घासण्यात अर्थ आहे. नसेल तर नवी. छोट्या गाडीची डिस्क फार महाग नसते, आणि पातळ डिस्क उष्णता कमी सामावते, त्यामुळे लवकर तापते. तडा असेल किंवा निळे कठीण ठिपके असतील (प्रश्न १३) तर घासूच नका.

घासायला देणार असाल तर लेथवाल्याला डिस्क कशी पकडणार ते विचारा. चकने बाहेरच्या कडेवर पकडून फेसिंग मारलं (तोंड सपाट कापलं) तर डिस्क लेथवर सरळ आणि गाडीवर वाकडी होते. ती जिथे हबवर बसते ती आतली बसण साफ करून, त्या बसणीवरच धरून, डायल लावून मग कट घ्यायला हवा. दोन्ही बाजू एकाच बांधणीत झाल्या तर उत्तम. शेवटचा कट बारीक, आणि त्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर गोल गोल फिरवलेला. घरी आणून साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, पांढरं फडकं काळं होईनासं होईपर्यंत. लेथची धूळ राहिली तर पहिल्याच दिवशी पॅडमध्ये रुतते.

१३. डिस्कवर निळे-जांभळे ठिपके आहेत. काय अर्थ?

तिथे डिस्क फार तापली आणि बिडाची रचना बदलून तो भाग काचेसारखा कठीण झाला. टूल त्या ठिपक्यावरून जाताना कट्ट वाजतं, ते लेथवर कानांना कळतं. घासून वरून सपाट दिसलं तरी कठीणपणा आत खोलवर असतो. आजूबाजूचं मऊ बीड आधी झिजतं, ठिपका पुन्हा वर येतो आणि थरथर परत. नवीच टाका. शिवाय ती तापली का, ते शोधा. अडकलेला कॅलिपर, आतून सुजलेला ब्रेक होज, की घाट. तीस किलोमीटर चालवून चाकांजवळ हात न लावता नुसता धरा. एक चाक इतरांपेक्षा बरंच जास्त धगधगत असेल तर तिथेच गोम आहे.

१४. घाट उतरून आलो आणि त्या दिवसापासून थरथर. असं का?

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना गाडी बाराशे मीटरपेक्षा जास्त खाली येते. माणसांसकट बाराशे किलोची गाडी धरली तर तेवढ्या उंचीची ऊर्जा चाळीस लिटर पाण्याला, म्हणजे आंघोळीच्या दोन बादल्यांना, उकळी आणायला पुरेल. थोडी हवा खाते, थोडी इंजिन खातं. तुम्ही चौथ्यात किंवा न्यूट्रलमध्ये उतरत असाल तर इंजिन जवळजवळ काहीच खात नाही आणि बहुतेक सगळी ब्रेकच्या वाट्याला येते.

इतक्या तापलेल्या डिस्कवर गाडी थांबवून पाय दाबून ठेवला की पॅडचा माल तिथे चिकटून ठसा उमटतो. घाटाच्या पायथ्याशी वडापावची गाडी दिसली म्हणून थांबलात, तेव्हाच हे होतं. ज्या गिअरमध्ये घाट चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक सतत चाटत ठेवू नका, दाबा आणि सोडा. खाली आल्यावर एक-दोन किलोमीटर ब्रेक फारसा न लावता गाडी पळू द्या, मग थांबा. थांबल्यावर पहिला गिअर टाका, चाकाला दगड लावा आणि हँडब्रेक करकचून ओढू नका. तापलेला ड्रम गार होताना आकसतो आणि आत शू (ड्रमला आतून दाबणारे ब्रेकचे तुकडे) दाबून बसलेले असतील तर त्याची गोलाई बिघडते. आणि तापल्या डिस्कवर वॉशिंग सेंटरचं गार पाणी नको.

ठसा ताजा असेल तर घासायची गरज पडत नाही. ८० नंबरचा पॉलिश पेपर दोन्ही बाजूंना आणि पॅडच्या तोंडावर हाताने फिरवा, तोंडाला मास्क बांधून. मग प्रश्न १८ प्रमाणे पॅड बसवून घ्या. माझ्याकडे येणाऱ्या ‘वाकलेल्या’ डिस्कपैकी काही एवढ्यावरच परत जातात.

१५. गाडी पावसाळाभर कोकणात झाकून उभी होती. आता ठकठक लागते.

बिडाला गंज चढायला एक रात्र पुरते. सकाळची तांबूस पावडर दोन-चार ब्रेकमध्ये निघून जाते, तिची काळजी नको. चार महिन्यांचं वेगळं. पॅडच्या खालचा भाग एका तऱ्हेने गंजतो आणि उघडा भाग दुसऱ्या, त्यामुळे डिस्कवर पॅडची अख्खी आकृती उठते. खाऱ्या हवेत आणखी लवकर. पन्नासेक किलोमीटर सावकाश, ब्रेक वापरत चालवून बघा. ठकठक कमी होत गेली तर चालू ठेवा. तशीच राहिली तर गंजाने खड्डे पाडलेत, जाडी मोजून प्रश्न १२ प्रमाणे ठरवा. पुढच्या वर्षी गाडी ठेवताना हँडब्रेक सोडून, गिअरमध्ये, दगड लावून ठेवा आणि कुणाला तरी आठवड्याला अंगणात पुढे-मागे करायला सांगा. घट्ट आवरण डिस्कभोवती ओल धरून ठेवतं.

१६. माझ्या गाडीला मागेही डिस्क आहेत. काय वेगळं?

मागे ब्रेकचं काम कमी, त्यामुळे मागची डिस्क झिजण्याआधी गंजते. हँडब्रेक कुठे आहे ते बघा. काही गाड्यांत तो मागच्या कॅलिपरमध्येच असतो, तिथे प्रश्न ५ ची चाचणी डिस्कबद्दल सांगते. काहींत मागच्या डिस्कच्या टोपीत छोटा ड्रम असतो, तिथे ती चाचणी फक्त त्या ड्रमबद्दल बोलते. कॅलिपरमधला हँडब्रेक असेल तर पॅड बदलताना पिस्टन खूप वेळा दाबून नव्हे तर फिरवून आत न्यावा लागतो. जोर लावाल तर आतलं स्क्रू मोडेल.

१७. नट किती आवळायचे? पंक्चरवाला गन लावतो.

सारखे आवळा, हे किती आवळले त्याहून महत्त्वाचं. एक नट गच्च आणि शेजारचा सैल असला की पातळ हब आणि डिस्कची टोपी किंचित ओढली जाते आणि आऊट तयार होतो. बऱ्याच छोट्या गाड्यांना ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात. शंभर न्यूटन-मीटर म्हणजे ४० सेंटिमीटरच्या दांडीच्या टोकाला २५ किलोचा जोर. म्हणजे हाताने नीट ओढणं झालं, पान्ह्यावर उभं राहून उड्या मारणं नव्हे. समोरासमोरचे नट आळीपाळीने, दोन-तीन फेऱ्यांत. गन असेल तर ‘हलके लावा, शेवटचे मी हाताने आवळतो’ म्हणा. टायर बदलल्यानंतर थरथर सुरू झाली असेल तर चारही नट सैल करून पुन्हा आवळा. फुकटचा इलाज आहे, आणि लवकर केला तर लागूही पडतो.

१८. नवे पॅड ‘बसवून’ घ्यायचे म्हणजे काय?

मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १५ पर्यंत मध्यम जोराने ब्रेक, मग पुन्हा ६०. पूर्ण थांबायचं नाही. असं आठ-दहा वेळा, मधे अर्धा मिनिट थंड होऊ द्या. शेवटी पाच-सात किलोमीटर ब्रेक न वापरता फिरा. पॅडचा पातळ, सारखा थर डिस्कवर बसतो. मागे गाडी नाही बघूनच करा.

१९. एकाच बाजूची डिस्क खराब आहे. एकच बदलली तर?

जोडीने बदला, पॅडसकट. एक नवी आणि एक झिजलेली असली तर गाडी ब्रेकमध्ये एका बाजूला ओढू शकते. घासायचं असेल तरी दोन्ही. जुने पॅड नव्या डिस्कवर लावायची काटकसर कुणी सुचवली तर ऐकू नका. जुन्या डिस्कच्या रेघा त्या पॅडवर उलट्या छापलेल्या असतात.

२०. ब्रेक ऑइल बदललं तर थरथर जाईल का?

नाही. ऑइल जुनं झालं, पाणी शोषलं किंवा हवा शिरली तर पेडल मऊ लागतं, खाली जातं. थरथर त्याची नव्हे. ऑइल दोन वर्षांनी बदलावंच, पण वेगळ्या कारणासाठी. कोरड्या डॉट ३ चा किमान उत्कलनबिंदू २०५ अंश, पाणी शोषल्यावर १४०. घाटात हा फरक जिवावर बेततो.

२१. डिस्क मोजली, हब साफ, नट सारखे, तरी स्टीअरिंग हलतंच. आता?

मग डिस्क सोडा, तिला धरून ठेवणारं काय सैल आहे ते बघा. लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) रबरी बुश फाटला असेल तर दहा मायक्रॉनचा निर्दोष फरकही स्टीअरिंगवर मोठा होऊन येतो. ब्रेक लावला की चाक किंचित मागे जातं, बुश ते परत ढकलतो आणि ही झुलवाझुलव सुरू राहते. कुणाला तरी गाडीत बसवून, इंजिन चालू, पहिल्या गिअरमध्ये क्लच-ब्रेकने जरा पुढे-मागे करायला लावा आणि तुम्ही बाजूला, गाडीच्या वाटेत न येता, चाक किती सरकतं ते बघा.

आणखी एक. खराब रस्त्यावरून आल्यावर पहिल्या दाबाला पेडल खोल जातं, दुसऱ्याला नीट लागतं? बेअरिंग सैल आहे. डोलणारी डिस्क पॅड मागे ढकलून ठेवते. याला थरथर समजून डिस्क बदललेल्या तीन गाड्या मी पाहिल्यात.

टायरही विसरू नका. एकदा जोरात ब्रेक लावून चाक घसटलं असेल तर टायरवर सपाट चट्टा पडतो. पुढची चाकं मागे लावून बघा. थरथर जागा बदलते का?

२२. सध्या पैशांची अडचण आहे. असंच चालवलं तर?

हलकी थरथर, पेडल उंच, गाडी सरळ थांबते, तर महिनाभर सांभाळून चालवायला हरकत नाही, घाट टाळून. पण लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज, पेडल खाली जाणं, गाडी एका बाजूला ओढली जाणं, चाकातून धूर किंवा जळका वास, डिस्कवर कडेपर्यंत गेलेला तडा, यातलं एकही असेल तर गाडी हलवू नका. मेकॅनिकला घरी बोलवा.

२३. गाडीला १५ वर्षं होतायत, पासिंगला ब्रेक बघतात का?

बघतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते, पुढची मुदत पाच वर्षांची मिळते, आणि त्याआधी गाडीची तपासणी होते. नव्या डिस्क टाकायच्या असतील तर तारखेच्या दोन-तीन आठवडे आधी टाका, आदल्या दिवशी नको. पॅड बसायला तेवढा वेळ लागतो, आणि हबवर काही राहून गेलं असेल तर डायल लावून बघायला मधे एक रविवार मिळतो.